सेरेंगेटीला एक रात्र आणि समुद्राला चार? माझं मत उलट आहे

वाटेवरची_नाशिककर

फेब्रुवारीत आम्ही चौघं टांझानियाला जाऊन आलो. मी, नवरा, सासूबाई आणि कॉलेजातली लेक. एकूण आठ रात्री: अरुशा शहरात १, मग प्राणी बघायला तारांगिरे १, सेरेंगेटी १, गोरोंगोरो १ आणि शेवटी झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर सलग ४. सहल कंपनीने आखून दिलेला कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसत होता, आम्हीही मान डोलावली. आता माझं ठाम मत आहे की ही वाटणी चुकीची आहे. सेरेंगेटीला किमान तीन रात्री हव्यात, आणि त्यासाठी समुद्राच्या रात्री खुशाल कापाव्यात.

का, ते सांगते. तारांगिरेहून पहाटे निघालो. गोरोंगोरोच्या नाक्यापर्यंत डांबरी रस्ता, पुढे सगळा खडीचा. हाडं खिळखिळी होतात. नाबी हिलच्या फाटकावर पोचलो तेव्हा परवान्यावर आत शिरल्याची वेळ पडली १२.२०. परवाना २४ तासांचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी १२.२० च्या आत त्याच फाटकातून बाहेर, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. एवढा प्रवास करून आमच्या पदरात सेरेंगेटीची एक दुपार आणि एक सकाळ पडली.

ती सकाळ मी विसरणार नाही. दक्षिणेकडच्या मैदानात फेब्रुवारीत विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) वितात. नजर जाईल तिथपर्यंत कळप, आणि त्यांचा तो नाकातून काढलेला घुमणारा आवाज. आमच्या गाईडने गाडी थांबवून इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. एक मादी कळपाच्या कडेला उभी होती, मागून पिल्लाचे दोन खूर बाहेर आले होते. ती बसायची, उठायची, दोन पावलं चालायची, परत बसायची. गाईड म्हणाला, थांबलो तर पिल्लू पडताना दिसेल, आणि काही मिनिटांत ते पायावर उभंही राहील. मग त्याने घड्याळ पाहिलं. ११.३५ झाले होते, फाटक वीस किलोमीटरवर. आम्ही निघालो. सासूबाई मागच्या काचेतून वळून बघत राहिल्या.

आणि चार दिवसांनी झांझिबारला मी खुर्चीत बसून तिसऱ्या दिवशीही तोच समुद्र बघत होते.

मालवणी_मीठ

असहमत, ताई. तुमचा समुद्र चुकला तो रात्री जास्त झाल्या म्हणून नाही, तिथी चुकली म्हणून. तुम्ही पौर्णिमेच्या आसपास गेला होतात का? पाजे, जांबियानी ह्या पूर्व किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी इतकं आत जातं की पोहायला समुद्रच उरत नाही. आम्ही न्याहारी करून आलो तर समोर नुसती पांढरी वाळू, गुडघ्याएवढी डबकी आणि लांब कुठेतरी रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, फुटणारी लाटांची रेघ.

पण म्हणूनच मी म्हणतो, किनाऱ्याला चार रात्री पाहिजेतच. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. दोन रात्रीत समुद्राचं एकच रूप दिसतं. ओहोटीला तिथल्या बायका पाण्यात वाकून समुद्री शेवाळाची शेती करतात. खुंट्या ठोकलेल्या, त्यांना दोऱ्या, दोरीला शेवाळाचे झुबके बांधलेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यामागून चालत गेलो, त्यांनी हाताने खुणा करून कुठे सागरी साळू (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) आहेत ते दाखवलं. हे पहिल्या दिवशी होत नाही. मी जन्मापासून समुद्रकाठी राहिलोय, मला समुद्र नवा नाही, तरी मला ते चार दिवस कमी पडले.

दोन_पोरांची_आई

नाशिककर ताई, मोठ्या लेकीबरोबर तीन रात्री सेरेंगेटी जमेल. माझी पोरं सहा आणि नऊ वर्षांची. गाडीतून खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, त्सेत्से माश्या चावतात (गडद निळे-काळे कपडे घालू नका, त्यांना तेच रंग ओढतात), धुळीने नाक बंद. चौथ्या दिवशी धाकट्याने सिंह दाखवला तरी मान वर केली नाही. लहान मुलं असतील तर सफारी तीन रात्री, बास. तीही गोरोंगोरोजवळच्या कराटू गावात एकाच ठिकाणी मुक्काम ठेवून: एक दिवस मन्यारा तलावाचं उद्यान, एक दिवस गोरोंगोरोचं विवर. रोज बॅगा भरणं नाही. सेरेंगेटी वगळा म्हटलं की लोक अंगावर येतात, पण विवराच्या तळाशी २६० चौरस किलोमीटरमध्ये मुलांना सिंह, हत्ती, पाणघोडे, फ्लेमिंगो सगळं दिसलं. उरलेल्या पाच रात्री समुद्र. आम्हाला तेच लाभलं.

वाटेवरची_नाशिककर

दोन_पोरांची_आई, सहा वर्षांच्या मुलाबाबत तुमचं शंभर टक्के मान्य. मी मोठ्यांपुरतं बोलतेय, हे वरच लिहायला हवं होतं. एक मुक्काम धरून राहायचं, हे तर माझंच म्हणणं आहे. एका ठिकाणी एक रात्र म्हणजे तिथे एकही पूर्ण दिवस नाही. दोन रात्री म्हणजे एक दिवस, तीन म्हणजे दोन. कार्यक्रम हातात आला की रात्री मोजू नका, सकाळी उठल्या जागीच पुन्हा झोपणार आहात असे दिवस किती, ते मोजा. आमच्या सफारीत तो आकडा शून्य होता.

जेमतेम_रजा

माझं मत सगळ्यांहून वेगळं. पाच दिवस रजा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार, एवढेच हातात असतील तर झांझिबार काढूनच टाका. सफारी संपवून किनाऱ्याला जाणं आणि तिथली खोली मिळणं, ह्यात आख्खा दिवस जातो.

लोक किनाऱ्याच्या रात्री का वाढवतात? पैशामुळे. सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क माणशी ७० डॉलर, वर १८ टक्के कर, आणि ते दर २४ तासांना. विवरात गाडी उतरवायचे २५० डॉलर आणि कर वेगळा. त्यापुढे किनाऱ्यावरची रात्र स्वस्त, म्हणून सहल 'दहा दिवसांची' करायला तिथे रात्री चिकटवतात. पण विमानभाडं तुम्ही प्राण्यांसाठी भरलंय. समुद्र आपल्याला दापोलीलाही आहे.

आणि 'जेट लॅगसाठी पहिला दिवस आराम' हा सल्ला अमेरिकेतून येणाऱ्यांचा. आपलं घड्याळ टांझानियाच्या अडीच तास पुढे. तिथले पहाटेचे पाच म्हणजे आपले साडेसात, आपण आपोआप जागे होतो. ती अरुशाची आरामाची रात्र सरळ कापा.

मालवणी_मीठ

दापोलीला रीफ नाही हो दादा.

दारेसलाममधून

इथे नोकरीनिमित्त सात वर्षं आहे, म्हणून थोडं बोलतो. तुम्ही सगळे रात्रींवर भांडताय, पण वेळ खातो तो रस्ता. अरुशा ते सेरोनेरा (सेरेंगेटीचा मधला भाग) सव्वातीनशे किलोमीटर, आणि बहुतेक जण तोच रस्ता परत येतात. जाताना गाडीने जा, येताना सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार गाठा. भाडं बोचतं, पण आख्खा दिवस वाचतो. सामान माणशी १५ किलोच, तेही मऊ पिशवीत, कडक सुटकेस घेत नाहीत. आंतरराष्ट्रीय तिकीट अरुशाजवळच्या किलिमांजारो विमानतळावर उतरून झांझिबारहून परतीचं काढा. गेलेल्या विमानतळावरच परत यायचं हा हट्ट सोडा.

जेमतेम_रजा, तुमच्या नऊ दिवसांतही समुद्र बसतो, फक्त उत्तरेचा, म्हणजे सेरेंगेटी-गोरोंगोरोचा, नाद सोडावा लागेल. झांझिबारहून न्येरेरे राष्ट्रीय उद्यान (२०१९ मध्ये सेलूस अभयारण्याच्या मोठ्या भागातून झालं) छोट्या विमानाने जवळ आहे. रुफिजी नदीत होडीतून पाणघोडे आणि मगरी बघता येतात, अशी होडी सेरेंगेटीत नाही. तिथे ३, बेटावर ३. लाखोंचे कळप मात्र तिथे नाहीत, हे आधीच समजून जा.

आणि कोणीच झांझिबारच्या जुन्या शहराचं, स्टोन टाऊनचं, नाव घेतलं नाही, ह्याचं वाईट वाटलं.

वाटेवरची_नाशिककर

दारेसलाममधून, स्टोन टाऊनला आम्ही फक्त अर्धा दिवस होतो. पितळी खिळ्यांचे कोरीव दरवाजे, गल्लीत लवंगांचा वास. गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म इथला, १९४६ चा, आणि शाळा पाचगणीची. सासूबाई वाईच्या. पाचगणी म्हटल्यावर त्यांनी त्याच्या संग्रहालयासमोर उभं राहून फोटो काढून घेतला, गाणं एकही माहीत नसताना. एक रात्र तिथे हवीच होती, तुमचं बरोबर आहे.

जेमतेम_रजा, समुद्र काढून टाका हे मात्र मला पटत नाही. पाच दिवस पहाटे उठून धुळीत बसल्यावर अंग आंबतं. सासूबाईंची कंबर पाण्यात उतरल्यावरच सुटली. मला किनारा कमी हवाय, नको नाहीये. आणि झांझिबारचा सक्तीचा विमा, ऑक्टोबर २०२४ पासूनचा, माणशी ४४ डॉलर, रात्री तीन असोत की चार, तेवढाच भरायचा.

आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, पुन्हा जायचं ठरवतोय, तेही फेब्रुवारीतच. उतरल्या दिवशीच थेट कराटू १, मग विवर उरकून पुढे विल्डबीस्ट वितात त्या मैदानात, न्दुटूच्या बाजूला ४, तिथून विमानाने स्टोन टाऊन १, किनारा ३. नऊ रात्री.

मालवणी_मीठ

ताई, किनाऱ्याच्या तीन रात्री अष्टमी धरून घ्या. तेव्हा भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट सौम्य, भरती-ओहोटी असते, पाणी फार आत जात नाही आणि सकाळी दहाच्या सुमारास समुद्र भरलेला मिळतो. उत्तरेला नुंगवीला राहिलात तर तेवढीही काळजी नको.

वाटेवरची_नाशिककर

सासूबाईंनी कॅलेंडर खाली काढलंय. आधी अष्टमी, मग मागे मोजत न्दुटू, आणि मग तिकिटं.