संसदेने सहकार विद्यापीठाला त्रिभुवनदास पटेल यांचे नाव का दिले?

प्रश्न
२०२५ मध्ये संसदेने ‘त्रिभुवन सहकारी विद्यापीठ’ कायदा संमत केला आणि गुजरातमधील आणंदच्या ‘इर्मा’ या ग्रामीण व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचे रूपांतर त्या विद्यापीठात झाले. ‘इर्मा’ १९७९ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन यांनी उभारली होती आणि अमूलचा विषय निघाला की आपल्याकडे त्यांचेच नाव घेतले जाते. मग संसदेने त्रिभुवनदासांची निवड कोणत्या कार्यासाठी केली असावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले, तेव्हा खेडा जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा अमूल, स्थापन होऊन जवळपास अडीच वर्षे झाली होती. १९४५ मध्ये मुंबई सरकारने खेडा जिल्ह्यातील दूध मुंबईला आणण्याची योजना सुरू केली. परंतु संकलनाचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे असल्याने दर ठरवण्यात शेतकऱ्याला काहीच अधिकार उरला नाही. सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत जानेवारी १९४६ मध्ये समरखा गावी सभा झाली, शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मक्तेदाराला दूध घातले नाही आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. त्याचे अध्यक्षपद त्रिभुवनदासांनी सांभाळले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या या माणसाच्या शब्दावर गावकरी विश्वास ठेवत, म्हणूनच गावोगावी दूध संस्था उभ्या राहू शकल्या. सरकारी नोकरी सोडून परत निघालेल्या तरुण कुरियन यांना थांबवून घेणारे आणि पुढे त्यांच्या व्यवस्थापनाला राजकीय हस्तक्षेपापासून जपणारेही तेच होते. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत मोठे कार्य आहे, कारण अध्यक्षाने व्यवस्थापकाला असे मोकळे सोडल्याची उदाहरणे आपल्या सहकारात फार थोडी आढळतात.

प्रतिसाद २
वरील माहितीशी मी सहमत आहे, तरीही निर्णयाबद्दल थोडी खंत वाटते. कायद्यातले नाव प्रत्येक पदवी प्रमाणपत्रावर उमटते. त्यामुळे त्रिभुवनदासांचा हा गौरव उचितच आहे, पण तो कुरियन यांनी उभारलेल्या संस्थेच्या नावावरच का व्हावा? नवे विद्यापीठ स्वतंत्रपणे स्थापन करता आले असते. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास, कुरियन आणि मुंबईचे दूध आयुक्त राहिलेले दारा खुरोडी या तिघांना मिळून देण्यात आला होता, हेही येथे लक्षात घ्यावे. म्हशीच्या दुधाची भुकटी तयार करण्याचे तंत्र बसवणारे एच. एम. दलाया तर सर्वसामान्यांच्या स्मरणातही नाहीत.

प्रतिसाद ३
नावाच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. त्रिभुवनदासांनी अध्यक्षपद सोडले, तेव्हा सभासदांनी कृतज्ञतेने त्यांना थैली अर्पण केली आणि त्या रकमेतून त्यांनी खेडा जिल्ह्यातील स्त्रिया व बालकांच्या आरोग्यासाठी त्रिभुवनदास फाउंडेशन सुरू केले. सहकाराचे शिक्षण, प्रशिक्षण आणि संशोधन हा नव्या विद्यापीठाचा उद्देश आहे. त्यात व्यवस्थापनाच्या पदव्यांबरोबरच गावच्या दूध संस्थेचा सचिव, फॅट तपासणारा कर्मचारी आणि संचालक मंडळावर निवडून आलेली शेतकरी महिला यांच्यासाठी मराठीसह प्रादेशिक भाषांतून अभ्यासक्रम सुरू व्हावेत, अशी मागणी आपल्या जिल्हा दूध संघांनी आताच लेखी स्वरूपात करावी.