लग्नाचा खर्च १२ लाखांत बसवायचा आहे. अंदाज कुठून सुरू करावा?

वारजेकरीण :

येत्या डिसेंबरमध्ये माझे लग्न करायचे ठरत आहे. दोन्ही घरे पुण्यातलीच असून खर्च निम्मानिम्मा वाटून घ्यायचा, असे बैठकीत ठरले. दागिने धरून दोन्ही बाजूंचा मिळून खर्च १२ लाखांवर जाऊ द्यायचा नाही, ही मात्र आम्हा दोघांची अट आहे. गेले दोन रविवार आम्ही डीपी रस्त्यापासून सिंहगड रस्त्यापर्यंत कार्यालये पाहत हिंडलो. प्रत्येक ठिकाणी दरपत्रक मिळते, पण एका दरपत्रकाची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. एक जण भाड्यातच सजावट धरतो, दुसरा भाडे नाममात्र सांगतो पण जेवण त्याच्याच केटररकडून घ्यायला लावतो, तिसरा विजेचे आणि सफाईचे वेगळे लावतो. पाहुणे आमच्याकडचे ३५० आणि सासरचे ३०० निघाले आहेत. ज्यांनी नुकतेच घरचे कार्य पार पाडले आहे, त्यांनी आकडा कशाकशाने हलतो ते कृपया सांगावे.

सहकारनगरचा वधूपिता :

कार्यालये पाहणे आठवडाभर थांबवा आणि आधी ताटांची संख्या पक्की करा, कारण कार्यालय किती मोठे, वाढपी किती, पत्रिका किती हे सगळे त्या एका आकड्यावरून ठरते. उदाहरणादाखल ५०० रुपये ताट धरले, तर ६५० ताटांचे ३,२५,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरून ३,४१,२५० रुपये होतात. यादीतून १५० नावे कमी झाली, तर ७८,७५० रुपये वाचतात. तेवढे पैसे सजावटीत काटकसर करून वाचत नाहीत. शिवाय ही झाली फक्त दुपारची पंगत. आदल्या रात्रीचे सीमांतपूजनाचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दोन वेळचा चहा यांचे ताट वेगळे मोजले जाते. फोटोग्राफर, सनईवाले आणि गाड्यांचे चालकही जेवतात, पण यादीत ते कोणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट हमीची. मागच्या फेब्रुवारीत मुलीच्या लग्नात आम्ही केटररला ५०० ताटांची हमी दिली आणि जेवले ४१०. पैसे अर्थातच ५०० चे मोजले. हमी अपेक्षेपेक्षा थोडी कमीच द्यावी आणि वरची ताटे त्याच दराने मिळतील, हे लिहून घ्यावे. बुफेत मोजणी ताटांवरून होते. माझा मेहुणा वही घेऊन ताटांच्या चळतीपाशी बसला होता, तेव्हा त्याच्या लक्षात आले की जिलबीच्या टेबलाशेजारीही स्वच्छ ताटांची एक चळत ठेवली आहे आणि पाहुणे दुसऱ्यांदा जिलबी घ्यायला आले की सहज नवे ताट उचलतात. त्याने ती चळत हलवून तिथे वाट्या ठेवायला लावल्या. केटररने लबाडीने केले असे मी म्हणणार नाही, पण तोवरची मोजणी आमच्याच माथी बसली.

कार्यालयातला माणूस :

मी एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापन पाहतो, त्यामुळे आमच्या बाजूचे थोडे सांगतो. दर मुख्यतः तारखेवर ठरतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने उन्हाळ्यातला ऐन लग्नसराईचा महिना मुहूर्ताविना जातो, पुढे चातुर्मास लागतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर सगळ्यांची एकदमच घाई उडते. अशा वेळी मुहूर्ताच्या रविवारी भाडे कमी करण्याची आम्हाला गरजच पडत नाही. तुमच्या गुरुजींची हरकत नसेल तर काढीव मुहूर्त, म्हणजे पंचांगातल्या यादीबाहेरचा, गुरुजींनी काढून दिलेला मुहूर्त घ्या किंवा मधला वार धरा. भाडे उतरते आणि मार्केटयार्डातली फुलेही त्या दिवशी तेवढी चढलेली नसतात.

करार करताना ताबा किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायचा आणि उशीर झाल्यास तासाला काय पडेल, हे विचारा. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरूनच रक्कम लिहायला सांगा. चावी घेताना विजेच्या मीटरचे रीडिंग दोघांच्या सहीने नोंदवा, कारण अनामत रक्कम परत देताना सर्वाधिक वाद तिथेच होतो. लॉन घेतलेत तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून संध्याकाळचा कार्यक्रम उशिरा ठेवून वाद्यवृंदाचे पूर्ण पैसे भरण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी दुसऱ्या सत्रात कोणाचे कार्य असेल तर त्यांची गाठ घालून द्यायला आम्हाला सांगा. स्टेजची सजावट दोघांत वाटून घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

पेठेतली सून :

१२ लाखांत दागिने धरलेत, हे मला धोक्याचे वाटते. सोन्याचा भाव तुमच्या हातात नाही, म्हणून तो भाग आधी खरेदी करून टाका आणि उरलेल्यात लग्न बसवा. घडणावळीचा दर दुकानागणिक बदलतो आणि बिलावर ३ टक्के जीएसटी लागतो. दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क ओळख क्रमांक आहे ना, तेही पाहा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेले दागिने त्याच्याशिवाय विकता येत नाहीत. मी आजीच्या पाटल्या मोडून मंगळसूत्र केले आणि शालूऐवजी आईचीच पैठणी नेसले.

नोंदणीवाला :

विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि संध्याकाळी ८० माणसांचे जेवण, एवढ्यात आमचे लग्न झाले. एका आत्याचा रुसवा अजून आहे.

वारजेकरीण :

सर्वांचे आभार. नोंदणी पद्धतीला दोन्हीकडच्या आयांनी नकार दिला. दागिने मात्र बाजूला काढले असून त्यांची खरेदी याच महिन्यात करणार आहोत. काल दोन्ही याद्या शेजारी ठेवून बसलो आणि ४५० ची हमी द्यायची असे ठरले. बाबांनी कुरकुरत ९० नावे खोडली. त्यांपैकी ११ जण नेमके कोण, हे त्यांना स्वतःलाही आठवेना.