मदत हवी आहे: जागतिकीकरणाने देशाची वाढ होते की अडते, हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. माझी पुतणी बारावीला आहे, अर्थशास्त्राचा प्रकल्प करतेय. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्ष आणि कांदा दोन्ही पिकवतो. म्हणून तिला म्हटलं, घरापासूनच सुरुवात कर. आणि तिथेच अडकलोय.

युरोपला जाणारी द्राक्षं पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यात) भरायच्या आधी रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट यावा लागतो. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून माल अडकला, बागाईतदारांनी मोठा फटका सोसला. पण फवारणीची नोंद ठेवायची शिस्त लागली ती परदेशी गिऱ्हाइकामुळेच, असं मला मनापासून वाटतं.

कांद्याचं उलटं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, 4 मे 2024 ला उठली, तरी 40 टक्के निर्यात शुल्क होतंच. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवता येत नाही. मिळेल त्या भावाला द्यावा लागला. मग इथे नुकसान जगाच्या बाजाराने केलं, की आपणच दार लावून घेतल्याने झालं?

पुतणीचा प्रश्न याहून अवघड आहे. 1991 नंतर परकीय व्यापारही खुला झाला आणि देशातलं लायसन्स राजही (उद्योगाला पदोपदी सरकारी परवाना लागायची पद्धत) गेलं. वाढीतला कुणाचा वाटा किती, हे वेगळं कसं काढतात? बारावीच्या मुलीला झेपेल अशी पद्धत कुणी सांगेल का? जिल्हावार निर्यातीचे आकडे कुठे मिळतील? मराठीत काही वाचायला असेल तर फारच बरं. हातात पंधरा दिवस आहेत.