सोलापूरहून ग्रेनाडा: स्कूबासाठी प्रवासाची आखणी कशी करावी?

प्रश्न – सोलापूरकर

ओपन वॉटर (स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जाण्याचे पहिल्या पातळीचे) प्रमाणपत्र मिळाल्यानंतर मी व माझी पत्नी यांनी फेब्रुवारीत, म्हणजे गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर, कॅरिबियनमधील ग्रेनाडा बेटावर दहा दिवस जाण्याचे ठरवले आहे. भारतीय पारपत्रावर तेथे आगाऊ व्हिसा लागत नाही, म्हणूनच हे बेट निवडले. लंडनमार्गे दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास बरेच पैसे वाचतात. तसे करावे काय? आणि १९६१ साली बुडालेले ‘बियांका सी’ हे जहाज आम्हांला पाहता येईल काय?

उत्तर १ – जुना प्रवासी

बेटाचा व्हिसा लागत नसला तरी वाटेचा लागतो, आणि आपली आखणी नेमकी तेथेच अडेल. लंडनला विमानतळाबाहेर पाऊल न ठेवता विमान बदलायचे असले, तरी भारतीयांना, काही अपवाद वगळता, ट्रान्झिट व्हिसा घ्यावा लागतो. त्यात तिकिटे स्वतंत्र असली की सामान मुंबईहून थेट पुढे जाईलच असे नाही. ते लंडनला ताब्यात घ्यायचे तर इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि विमानतळाच्या आतल्यापुरता व्हिसा पुरत नाही. मुंबईचे विमान हीथ्रोला उतरून पुढचे लंडनच्याच गॅटविक विमानतळाहून सुटणार असेल, तरी हाच पेच. शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि वाचलेले पैसे तेथेच जातात. अमेरिकेमार्गे जाण्याचा विचार असेल, तर तेथे नुसते विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. त्रिनिदादमार्गे परत येणार असाल, तर भारतात उतरताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते.

उत्तर २ – खोल पाणी

‘बियांका सी’ यावेळी सोडून द्या. ओपन वॉटर प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे आणि ते जहाज त्याहून बरेच खोल आहे. मोलिनिएर उपसागरातील पाण्याखालची शिल्पे, जी २००६ पासून तेथे आहेत, उथळ पाण्यात असल्याने आपल्याला सहज पाहता येतील. फेब्रुवारी महिना योग्यच आहे, कारण चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर असतो. हे बेट दक्षिणेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर असले तरी २००४ च्या ‘आयव्हन’ने त्याची दैना केली होती.

परतीचे विमान ठरवताना एक हिशेब विसरू नका: अनेक डाइव्ह (बुड्या) केल्यावर अंगात विरघळलेला वायू निघून जावा म्हणून विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावे लागते, आणि मी स्वतः पूर्ण दिवस ठेवतो. मास्क व डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ मोजणारे मनगटी यंत्र) स्वतःचे न्या, जड साहित्य तेथेच भाड्याने घ्या. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. विमा काढताना डाइव्हिंग व रिकंप्रेशनचा (बुडीनंतर होणाऱ्या त्रासावर दाबाच्या कक्षात करायच्या उपचाराचा) खर्च त्यात आहे की नाही, हे अटींत वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात तो बहुधा वगळलेला असतो.

उत्तर ३ – सोलापूरकर

दोघांचेही आभार. सलग एकच तिकीट काढण्याचे ठरले, आणि ट्रान्झिट व्हिसाची तयारी आताच सुरू करतो. मुंबईचे विमान मध्यरात्रीनंतरचे आहे. तरी आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळीच मुंबई गाठू, म्हणजे गाडीला उशीर झाला तरी अख्खा दिवस हाताशी राहील. बेटावरचा शेवटचा कोरडा दिवस पत्नीने जायफळाच्या बागा पाहण्यासाठी राखून ठेवला आहे.