उसाला ठिबकची सक्ती, पंपाला फुकट वीज: सरकारला वाचवायचंय तरी काय?
(चर्चा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

भीमाकाठ
उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं करायचं, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2017 साली घेतला. सोलापूर जिल्ह्यात आजही सरीला मोकळं पाणी सोडलेला ऊस हवा तेवढा दिसतो. वर एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज माफ. मग मोटार बंद करायला उठणार कोण? ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्विच) टाकलेला असतो, रात्री लाइट येते, मोटार आपोआप सुरू, सकाळी बांधाबाहेर तळं.

हिशेब मांडतो. मोकळ्या पाण्याच्या उसाला पाऊस सोडून 2000 मिमी पाणी धरलं तर एकरी 80 लाख लिटर. 60 मीटरवरून उपसा आणि पंपसेटची कार्यक्षमता 40 टक्के, म्हणजे घनमीटरला 0.41 युनिट. एकरी 3,300 युनिट झाले. युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, सव्वादोन टनांच्या पुढे जातं. दलदलीत फेकलेल्या युरियाचा नायट्रस ऑक्साइड आणि पेटवलेलं पाचट (उसाचा वाळलेला पाला) यात धरलेलंच नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ठिबक नाही तर कारखान्याने उसाची नोंद घेऊ नये.

टेलचा शेतकरी
हे बोअरवाल्याला सांगा. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) संपलं की पुढचं कधी येईल ते पाटकरीही सांगत नाही. ठिबकला रोज नाहीतर दिवसाआड पाणी लागतं. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिमी म्हटलं तरी एकरी 24 हजार लिटर. दोन पाळ्यांत 25 दिवसांचं अंतर पडलं तर 6 लाख लिटर साठवायचं कशात? शेततळ्यात. 20 बाय 20 मीटर, खोली 3 मीटर, उतार एकास एक, तर पावणेनऊ लाख लिटर मावतं. जागा गेली 4 गुंठे, म्हणजे एकराचा दहावा हिस्सा. वर सोलापूरचं ऊन दिवसाला 10 मिमीच्या आसपास पाणी उडवतं. अस्तरीकरणाचा कागद वेगळाच. सक्ती करणाऱ्याने आधी आवर्तनाचं वेळापत्रक पाळून दाखवावं.

गाळण
ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं असं नसतं. 5 फुटी सरीला एकरी साधारण 2,650 मीटर लॅटरल (सरीतली ठिबकची नळी), 16 मिमी इनलाइन, म्हणजे नळीतच 40 सेंमीवर ड्रिपर (थेंब सोडणारं छिद्र). बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ड्रिपरच्या तोंडाला पांढरा थर बसतो. मग अर्ध्या सरीला पाणी कमी पडतं, शेतकरी दोन तास जास्त चालवतो आणि व्हॉल्व्हजवळचा ऊस बुडतो. सँड फिल्टरच्या (वाळूच्या गाळणीच्या) आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमध्ये अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की बॅकवॉश करायचाच, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. क्षार बसले असतील तर पाण्याचा सामू (पीएच) 4 पर्यंत येईल इतकं आम्ल सोडायचं, 24 तास लाइनमध्ये ठेवायचं, मग नळीच्या टोकाच्या एंडकॅप (टोपणं) काढून धुवायचं. (आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.) कित्येक ठिकाणी गेज फुटलेला असतो आणि कोणी बदलत नाही.

अनुदान अल्पभूधारकाला राज्याच्या पूरक रकमेसह 80 टक्के, इतरांना 75. पण आधी स्वतःचे पैसे घालायचे, अनुदान मागून. त्याच जमिनीवर पुन्हा अनुदान 7 वर्षांनी. तोडणीआधी लॅटरल गुंडाळली नाही आणि पाचटाला काडी लागली, तर ती 7 वर्षं पहिल्याच हंगामात संपली.

हिशेबी
चर्चा चुकीच्या जागी चाललीय. ठिबकने पाणी निम्म्यावर आलं असं मानू. 15 मीटर जादा दाब धरूनही वीज 2,070 युनिटवर येते, म्हणजे एकरी सव्वाबाराशे वाचले. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचा कोरडवाहू एकर उसाखाली आला तर? दोन एकरांचे 4,100 युनिट झाले आणि पाणी होतं तेवढंच लागलं. उलट मोकळ्या पाण्यातलं जे मुरून शेजारच्या विहिरीला जायचं, तेही थांबलं. सौर पंपाने कोळसा वाचेल, भूजल नाही, कारण ऊन फुकट आणि मोटार दिवसभर. सक्ती ठिबकची नको, कोट्याची हवी. राज्याच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेला (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेला) घनमापाने पाणी द्यायची तरतूद आहे. एवढं पाणी मिळेल, त्यात काय पिकवायचं ते तुम्ही ठरवा.

विजेलाही तोच नियम. पंजाबने 2018 मध्ये ठरलेल्या कोट्यातून वाचवलेल्या युनिटला 4 रुपये द्यायला सुरुवात केली. फुकटपणा काढला की मोर्चा निघतो, पण वाचवल्याचे पैसे कोण नाकारेल?

कडबा
पाणी, वीज सगळं खरं, पण ऊस लावतात कशासाठी ते कोणीच बोललं नाही. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये, आणि 14 दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक. थकवतात, तो भाग निराळा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, हमीभावही आहे, पण काढणीच्या दिवशी दारात येणारं गिऱ्हाईक आहे का? वर इथेनॉलसाठी ऊस हवा, तेही हवामानाच्याच नावाने. ज्वारी-तुरीची खरेदी केंद्रं वेळेवर उघडा, उसाचं क्षेत्र आपोआप घटेल.

भीमाकाठ
खरेदीचं मान्य. तरी ज्याची विहीर उसाला पुरते तो ज्वारीकडे वळणार नाही. आणि हिशेबींना एक विचारतो: पंपाला मीटर नसेल तर वाचलेली युनिटं मोजणार कशावर? सरासरीची बिलं लावायची सवय आधी मोडावी लागेल.

हिशेबी
फीडरवर (गावातल्या पंपांना वीज नेणाऱ्या लाइनवर) मीटर असतो. फीडरची युनिटं पंपांच्या एचपीप्रमाणे वाटा, सुरुवातीला तेवढं पुरे. आकडा टाकून वीज चोरणारे त्यातच उघडे पडतात, कारण त्यांचा भार बाकीच्यांच्या नावावर चढतो.

टेलचा शेतकरी
घनमापाचं काय? मायनरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) तोंडाशी पाणी मोजायचा मोजपट्टीचा फ्ल्यूम असतो, तो गाळाने भरलेला आणि गेटला कुलूप नाही. वरचे रात्री गेट उचलतात आणि नोंद आमच्या संस्थेच्या नावावर पडते. आधी कुलूप, मग कोटा.