पुढचं पुस्तक घेण्याआधी सूचीत 'क्रो' शोधा

अमेरिकेतल्या मूळनिवासी टोळ्या आणि अमेरिकन सैन्य यांच्यातल्या लढायांवरचं डी ब्राऊनचं 'बरी माय हार्ट ॲट वूंडेड नी' (१९७०) वाचून झालं, आता पुढे काय वाचू, असं एकाने विचारलंय. ते पुस्तक सुन्न करतंच, पण त्यात मूळनिवासी म्हणजे एकच बाजू वाटत राहते. प्रत्यक्षात तसं नव्हतं.

माझी एक साधी युक्ती आहे. लढायांवरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की शेवटची सूची उघडायची आणि 'क्रो' टोळीची पानं काढायची. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सैन्याचा अधिकारी कस्टर लकोटा आणि इतर टोळ्यांशी लढला, तेव्हा त्याच्याबरोबर क्रो वाटाडे होते. त्यांना नुसतं 'फितूर' म्हणून सोडलं असेल तर पुस्तक परत ठेवा. ती लढाई झाली ती जमीन १८६८ च्या तहाने क्रोंचीच होती, आणि लकोटांनी त्यांना तिथून रेटत आणलं होतं. आपापली गणितं होती हो प्रत्येकाची!

या कसोटीला पीटर कोझेन्सचं 'दि अर्थ इज वीपिंग' चांगलं उतरतं. टोळ्यांमधली भांडणं, सैन्यातले हेवेदावे, सगळं येतं. ग्विनचं 'एम्पायर ऑफ द समर मून' कादंबरीसारखं पळतं, पण त्यातली कोमांची टोळीबद्दलची भाषा मला जागोजागी खटकली. ते वाचलंत तर जोडीला हॅमॅलाइननचं 'द कोमांची एम्पायर' घ्याच. घोडे, व्यापार, थेट मेक्सिकोपर्यंतच्या धाडी... जड आहे, लोकलमध्ये उभ्याने वाचायचं काम नाही.