पापाची खातरी की नुसती टोचणी?

प्रश्न (वेंगुर्ला): रविवारी उपदेश ऐकून डोळे भरतात, सोमवारी मासळीच्या काट्यावर पुन्हा किलोमागे 50 ग्रॅम मारायचे. याला पश्चात्ताप म्हणायचं का?

उत्तर 1: नाही. बायबलात 2 करिंथ 7:10 मध्ये दोन दुःखं वेगळी केलीत. एक माणसाला फिरवतं, दुसरं मरणाकडे नेतं. पवित्र आत्म्याची खातरी, म्हणजे तो करून देतो ती पापाची ठाम जाणीव (योहान 16:8), नेमकं बोट ठेवते: वजन मारायला पारड्याखाली चिकटवलेला तो खडा. नुसती टोचणी मोघम, "मीच वाईट" एवढंच. मग सुधारायचं काय, ते कळतच नाही.

उत्तर 2: आधी खडा काढा. नाहीतर एका हाताने परतफेड, दुसऱ्या हाताने तीच लबाडी. मग हिशेब: गणना 5:7 प्रमाणे मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, म्हणजे 500 लाटले तर 600. जक्कय या जकातदाराने लबाडीने घेतलेल्याचं चौपट परत द्यायचं कबूल केलं (लूक 19:8). ही तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, किंमत नव्हे हं! येशू त्याच्या घरी आल्यानंतरचं ते फळ.

प्रश्नकर्ता: पण गिऱ्हाईक सगळी पांगलेली. द्यायचे कुणाला?

उत्तर 2: पुढचंच वचन बघा. घेणारा नातलगही नसेल तर रक्कम परमेश्वराची, याजकाच्या हाती. आज गोरगरिबांना द्या, पण स्वतःच्या नावाने नको.

उत्तर 3: आम्हा कॅथलिकांतही तेच. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल केल्यावर, क्षमा मिळाली तरी परतफेड सुटत नाही.